वडिलांचा माग काढताना

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली जिल्ह्यात खानापूर, आटपाडीकडे गेलात तर गावागावांत अशी घरं भेटतात, जिथले वडील उमेदीची सगळी वर्षं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यापायी परमुलखात राहिले. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी उत्तर प्रदेशात. त्यातले काही गावी आले की घरात टिकायचे नाहीत. काठी उचलायची आणि डोंगर धरायचा. असा माणूस गेला की वर्षश्राद्धाला पुस्तिका निघते आणि तिच्यात ‘कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख’ असं छापलं जातं. खोटं नसतं ते, पण कुणालाही लागू पडतं. त्यांच्या हातांनी काय केलं आणि पाय कुठवर गेले, हे लिहायला हवं. ते सांगू शकणारे सोबती आता सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून लवकर लिहायला हवं.

सुरुवात कामापासून करा. दुकानातला भागीदार गाठा, हाताखाली शिकलेला गडी गाठा. ‘अण्णा कसे होते?’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा विचारा, त्या गावात पहिल्या रात्री कुठं झोपलात? भट्टी कोळशाची होती की गॅसची? सोनं वितळवायचं भांडं, म्हणजे मूस, कुठून आणायचात? सोनं शुद्ध करताना चांदी किती घालायचात? इथं जुना कारागीर खुलतो. साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी, असं तो सांगेल. चांदी कमी पडली तर नायट्रिक अ‍ॅसिड आतपर्यंत शिरत नाही आणि सोन्यात भेसळ राहून जाते. फार जास्त झाली तर सोन्याचा अगदी बारीक भुगा होतो आणि धुताना पाण्याबरोबर निसटतो. खाली राहिलेला तपकिरी गाळ नीट धुवायचा, टाकणखार घालून वितळवायचा. अ‍ॅसिडात विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी बुडवून परत मिळवायची. हे त्याच्याच शब्दांत, त्याच क्रमानं लिहून घ्या. अ‍ॅसिड टाकल्यावर तांबूस धूर उठतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. खोलीला खिडकी होती का, धुराडं होतं का, हेही विचारा. कुटुंबाच्या पोटासाठी वडिलांनी काय सोसलं, ते त्या उत्तरात असतं.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, टॉवेलाच्या घडीवर ठेवा. टेबलावर नुसता ठेवला तर पेला आपटल्याचाही दणका ऐकू येतो. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. पाऊण तासाच्या वर बसू नका. थकलेली माणसं तपशील गाळून ‘तसंच चालायचं सगळं’ म्हणू लागतात. फाईलला त्याच दिवशी नाव आणि तारीख द्या आणि दोन ठिकाणी प्रत ठेवा.

सालं कुणालाच आठवत नाहीत, तेव्हा खुणेच्या घटना विचारा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. तेव्हा अण्णा गावी होते की बाहेर? 1972 च्या दुष्काळाआधी गेले की नंतर? या धंद्याची खास खूण म्हणजे सुवर्ण नियंत्रण, म्हणजे सोनं बाळगण्यावर आणि त्याच्या व्यवहारावर सरकारनं घातलेले निर्बंध. जानेवारी 1963 मध्ये ते नियम आले, 1968 मध्ये कायदा झाला आणि 1990 मध्ये तो रद्द झाला. त्या काळात काम कसं चाललं, हे कारागीर विसरत नाही. घरातल्या ट्रंकेत मनिऑर्डरींची कुपनं असतील तर सोन्याहून मोलाची समजा. रक्कम, तारीख, पाठवणाऱ्याचं गाव आणि खाली दोन ओळींचा मजकूर, सगळं एका चिठोऱ्यावर मिळतं.

फोटोंच्या पाठी उलटून बघा. स्टुडिओचा शिक्का असला तर गाव कळतं. नावं मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं पुढच्या बाजूला वळ उठतात. लॅमिनेशन मात्र मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही.

आता डोंगर. सागरेश्वर, मच्छिंद्रगड ही नावं सोपी. पण वडील चांदोलीच्या रानातून प्रचितगडाकडे गेले असतील, तर वाटेवरच्या कित्येक वस्त्या आता उठल्या आहेत. धरण झालं, अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान, 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प. पाण्याच्या जागा, खिंडी, धनगरवाडे यांची नावं फक्त सोबत चाललेल्यांच्या तोंडी उरली आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा समोर पसरा. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. ‘तीन तासांची वाट’ कानावर आली तर सपाटीला ताशी चार-पाच किलोमीटर धरा आणि दर तीनशे मीटर चढाला अर्धा तास वेगळा मोजा, म्हणजे जागेचा अंदाज बराच जवळ जातो. वाट नकाशावर काढा, पण तिच्यावरून जायचा हट्ट नको. वनखात्याच्या परवानगीशिवाय गाभा क्षेत्रात पाऊल टाकू नका.

वस्तू जपताना चकाचक करायचा मोह आवरा. कोयत्याचा गंज रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, तेलाचा पातळ हात द्या, धार लावू नका. बॅटरीतले सेल आधी काढा, ते पाझरले की आतली स्प्रिंग खातात. घोंगडं झटकून उन्हं द्या, नाहीतर कसर लागते. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेत तर पावसाळ्यात बुरशी धरतात. कसोटीच्या दगडावरच्या सोन्याच्या रेघा पुसू नका, त्या वडिलांच्या हातच्या आहेत. अ‍ॅसिडची जुनी बाटली मात्र आठवण म्हणून फळीवर ठेवू नका आणि मोरीतही ओतू नका. गलाईचं काम आजही करणाऱ्या जाणत्या माणसाच्या ताब्यात द्या.

लिहून झाल्यावर लगेच छापायला धावू नका. मोठ्या टाइपात चार-पाच कच्च्या प्रती काढा, समास रुंद सोडा आणि परमुलखातल्या भागीदारांना पाठवा. गावच्या यात्रेला ही मंडळी येतातच. त्या वेळी प्रती परत घ्या. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही म्हणणी नावासकट ठेवा, आणि छापताना शेवटी काही पानं कोरी सोडा.

नमस्कार.