डाटिव्ह आपल्या घरचाच आहे

मंडळी, आजचा विषय जर्मनमधली प्रेपोझिशन्स, म्हणजे नामाआधी येणारी अव्ययं, आणि विभक्ती. त्यावर येतोच, पण आधी एक जुनी गोष्ट सांगतो. माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू झालं.

जर्मन शिकायला लागून दोनेक महिने झाले होते. डिसेंबरची सकाळ, वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या. बाईंनी विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, 'इश बिन काल्ट.' चूक! त्याचा अर्थ होतो, मी थंड आहे, माझ्यात मायाच नाही. म्हणायचं 'मीर इस्ट काल्ट'. का, असं विचारल्यावर उत्तर आलं, 'अपवाद आहे, पाठ करा.' केलं पाठ. पुढच्या आठवड्यात 'मीर इस्ट लांगवाइलिश'. तोही अपवाद. मग 'एस टूट मीर लाइट'. अपवाद. वहीचं अख्खं पान अपवादांनी भरलं.

एका रात्री ते पान मी मराठीत लिहून काढलं. मला थंडी वाजते. मला कंटाळा आलाय. मला वाईट वाटतं. प्रत्येक ओळीत 'मला'! मीर म्हणजे मला, एवढंच होतं ते. या विभक्तीला जर्मनमध्ये डाटिव्ह म्हणतात, आपली चतुर्थी. बाई मराठी, मुलं मराठी, पण शिकवणं इंग्रजीतून, आणि इंग्रजीत थंडी वाजली तरी 'मी'च थंड होतो. ते पाठांतर मला अजून सलतं.

आणखी बघा. 'मीर गेफेल्ट दास हाउस', मला घर आवडतं. 'मीर गेफालन डी हॉयझर', मला घरं आवडतात. दोन्हीकडे क्रियापद घराप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. सांगा, याला अपवाद म्हणायचं? फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने १८१६ साली संस्कृतची क्रियापदं जर्मानिक, ग्रीक, लॅटिन, फारसीशेजारी ठेवून या भाषांचं नातं दाखवलं. दोनशे वर्षांवर काळ लोटला, तरी आपल्या वर्गात त्याचा उपयोग होत नाही.

(चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, भरभर सांगतो.)

'घर वर' असं आपण म्हणत नाही, 'घरावर' म्हणतो. शब्दयोगी अव्यय लागलं की नामाचं सामान्यरूप होतं. जर्मनमध्येही हेच, फक्त अव्यय आधी येतं आणि बदल बहुतेक वेळा नामाऐवजी उपपदात, म्हणजे इंग्रजी 'the'सारख्या शब्दात, दिसतो: डेअर, डेन, डेम. संस्कृत आणि जर्मनच्या सामाईक पूर्वज भाषेत आठ विभक्ती मानतात. संस्कृतने त्या सांभाळल्या, जर्मनमध्ये चार उरल्या, आणि हरवलेल्यांचं बरंचसं काम डाटिव्हने घेतलं. म्हणून 'मिट' (सोबत, ने) ही तृतीया, 'आउस' (मधून) आणि 'फॉन' (पासून) ही पंचमी, सगळी डाटिव्हमध्ये. पाठ करायची यादी अशी अर्थाने लक्षात राहते.

आता 'इन' (आत), 'आउफ' (वर), 'उंटर' (खाली) वगैरे नऊ दुहेरी प्रेपोझिशन्स, म्हणजे दोन विभक्ती घेणारी. हालचाल असेल तर अक्कुझाटिव्ह (आपली द्वितीया), नसेल तर डाटिव्ह, असं सांगतात. ते फसवं आहे. 'इश लाउफं इम पार्क', बागेत धावतोय, हालचाल आहे, तरी डाटिव्ह. प्रश्न गंतव्याचा आहे. वनं गच्छति, द्वितीया. वने धावति, सप्तमी. आठवीतलं संस्कृत आठवा. मराठीतही पुण्याला जातो, पुण्यात राहतो. (गावाच्या नावाआधी जर्मन मात्र 'नाख' वापरते, तिथे डाटिव्हच.)

एक सावधगिरी. प्रत्येक 'ला' म्हणजे डाटिव्ह नाही. 'मी त्याला पाहिलं' यात 'त्याला' कर्म आहे, म्हणून 'ईन', अक्कुझाटिव्ह. 'मी त्याला मदत केली' यात मात्र 'ईम', डाटिव्ह. इथे मराठीचा 'ला' दोन्ही कामं करतो, तेव्हा क्रियापद ओळखूनच ठरवावं लागतं.

गेनिटिव्ह राहिला. 'श्टाट' म्हणजे ऐवजी. आपण 'भावाच्या ऐवजी' म्हणतो ना? तीच षष्ठी: 'श्टाट डेस ब्रूडर्स'. 'वेगन'ला (मुळे) बोलताना जर्मन लोक डाटिव्हही लावतात, त्याबद्दल प्रश्नोत्तरांत विचारा.