तिसरं कडवं

नमस्कार मंडळी.

यंदा मेळाव्याला 'माझं आवडतं गाणं' हा विषय ठरला, तेव्हा मी नाट्यपदावर बोलेन असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं होतं. साहजिकच आहे. मी गोव्याची, त्यातून म्हार्दोळची, म्हणजे दीनानाथांच्या मंगेशीला अगदी लागून. नाट्यपदं ऐकतच मी वाढले आणि ती मला प्रियही आहेत. पण आज मी इंग्लिश गायक-गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या 'वंडरफुल टुनाइट'बद्दल बोलणार आहे. माझ्या आई-बाबांचं एकमेकांवर किती प्रेम होतं, ते मला या गाण्यामुळे कळलं.

आधी गाण्याची हकिकत सांगते. 7 सप्टेंबर 1976 ची संध्याकाळ. त्या दिवशी अमेरिकन रॉक गायक बडी हॉलीचा जन्मदिवस, आणि त्यानिमित्त बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीकडे पार्टी. क्लॅप्टनची प्रेयसी पॅटी बॉइड तयार होत होती, कपडे काही केल्या ठरत नव्हते. क्लॅप्टन गिटार घेऊन वाट बघत बसला होता. त्या ताटकळण्यात हे गाणं झालं. पुढच्या वर्षी, 1977 मध्ये, ते 'स्लोहँड' या अल्बमवर आलं. याच पॅटीसाठी त्याने 1970 मध्ये 'लैला' लिहिलं होतं. तेव्हा ती बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनची बायको होती, आणि त्या गाण्यात नुसता आकांत आहे, मजनूचा असावा तसा. 'वंडरफुल टुनाइट'मध्ये आकांत नाही. बायको आरशासमोर बसली आहे, नवरा थांबला आहे, ती विचारते मी बरी दिसते का, आणि तो हो म्हणतो. एवढंच.

हे चित्र मी घरी कितीतरी वेळा पाहिलं होतं.

बाबा मडगावला मराठी शाळेत शिक्षक होते. आम्ही तिथे भाड्याच्या घरात राहायचो. घरात बोलणं कोकणी, वाचणं-लिहिणं मराठी, गोव्यातल्या पुष्कळ घरांत असतं तसं. म्हार्दोळला जत्रा असली किंवा श्रावणातली जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा असली की सगळ्यांनी बसने गावी जायचं. बाबा तासभर आधी तयार होऊन बाहेर सोप्यावर बसायचे, मांडीवर पिशवी. आई आत. आधी एक लुगडं, मग ते बदलून दुसरं, मग अंबाड्यात अबोलीची फाती माळायची, ती नीट बसली नाही की काढून पुन्हा. बाबा बाहेरून हाक मारायचे, "अगो, बस चुकतली!" आतून उत्तर, "आयलें, आयलें." आई बाहेर आली की बाबा एकदा तिच्याकडे बघायचे, उठायचे, आणि चालायला लागायचे. 'छान दिसतेस' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. पण एकदा बस खरंच चुकली, तेव्हाही ते तिला एक अक्षर बोलले नव्हते.

गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते शेजारच्या घरातून. त्यांचा थोरला मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, होता. बोटीवरून परतला की बॅगभर कॅसेटी आणायचा. भिंत एकच असल्यामुळे त्याची आवड ती आमचीही आवड झाली. त्या घरातले म्हातारे आजोबा चर्चच्या शाळेत मेस्ताकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं स्वरवाचन, शिकलेले, व्हायोलिन वाजवायचे. अशाच शाळांतून शिकून गोव्याचे किती वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. कोणतीही धून कानावर पडली की आजोबा ती स्वरलिपीत उतरवून काढायचे. 'वंडरफुल टुनाइट'ही त्यांनी तशीच उतरवली होती.

मग त्या तारवट्याच्या बहिणीचं लग्न झालं. गोव्यातलं ख्रिस्ती लग्न तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. केक, टोस्ट, वेडिंग मार्च, आणि मग बँड. जाइव्ह झाले, वॉल्ट्झ झाले, शेवटाकडे कोकणी गाण्यांचा मसाला सुरू व्हायच्या आधी दिवे मंद करून स्लो लावले. तेव्हा गिटारवर ती सुरावट आली. आई-बाबा कडेच्या खुर्च्यांवर होते. बाबा भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळे कान तयार. गिटारवाल्याने डाव्या हाताच्या बोटाने तार वर ढकलली, सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत गेला, आणि बाबा आईकडे वाकून म्हणाले, "पेटयेचेर हें जमचें ना." पेटीवर हे जमणार नाही. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर असं सरकत जाणं, पेटीवर निघत नाही, हे त्यांना आयुष्यभर सलत आलं होतं. इंग्रजी गाण्याला त्यांनी दिलेली ती पहिली दाद. घरी येताना ते तेच गुणगुणत होते, शब्दांवाचून.

जाता जाता एक सांगते, कारण बाबांना त्याचं फार अप्रूप होतं. 1977 मध्येच अमेरिकेची दोन व्हॉयेजर यानं अवकाशात गेली. त्यांच्यावर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यात आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' आहे, भैरवीतलं. आणि त्याच तबकडीवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' हे रॉक गाणं आहे. दुसरं यान सुटून पंधरवडा झाला नव्हता, तोच केसरबाई गेल्या. रॉक ऐकलं की आपल्या गाण्याशी बेइमानी होते असं कुणी म्हणालं की बाबा हे ऐकवायचे.

आता तिसऱ्या कडव्याकडे येते. लग्नांत बँड ते कडवं पुष्कळदा गाळतात. दोन कडवी, गिटारचा तुकडा, संपलं. पण माझ्या मते गाण्याचा जीव तिथेच आहे. पार्टी संपलेली असते, त्याचं डोकं दुखत असतं, तो गाडीच्या किल्ल्या तिच्या हातात देतो. ती त्याला घरी आणते, बिछान्यापर्यंत नेते. पहिल्या कडव्यात सुंदर दिसणारी बाई इथे काम करते आहे, आणि तो तिला तेच सांगतो जे आधी सांगितलं होतं.

बाबांना मधुमेहाने डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली. तोवर आमच्याकडे बिनगियरची कायनेटिक आली होती. आई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. बाबांनी स्कूटरची किल्ली तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, आता तू. रोज पहाटे, वर्दळ सुरू व्हायच्या आधी, मैदानावर ती शिकली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांत अबोली. बाबा मागे कॅरियर धरून धावत, डोळ्यांना नीट दिसत नसताना. शिकून झाल्यावर तिच्या मागे बसून ते भजनाला जायचे, बाजारात जायचे, मांडीवर तीच पिशवी. पुरुष मागे बसलाय म्हणून कुणी टोमणा मारला, तर त्यांना जराही वाईट वाटत नसे. उलट सांगायचे, ती माझ्यापेक्षा बरी चालवते.

त्या दिवसांत एकदा सुट्टीवर घरी गेले असताना मी हे गाणं लावलं, आणि तिसऱ्या कडव्याशी मला एकदम रडू आलं. कित्येक वर्षं पाठ असलेले शब्द, पण आत्ता कुठे कळले होते.

पुढचं सांगितलं नाही तर खोटं होईल. क्लॅप्टन आणि पॅटी यांचं लग्न 1979 मध्ये झालं आणि दहा वर्षांत मोडलं. त्याचं दारूचं व्यसन भयंकर होतं. त्या डोकेदुखीत तेही असणारच. पॅटीने 2007 मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्यात हे गाणं ऐकणं आपल्याला अनेक वर्षं जड जात होतं असं म्हटलंय. हे वाचून गाणं माझ्या मनातून उतरलं का? नाही. त्या दोघांना जे निभावता आलं नाही ते गाण्यात मात्र खरं आहे, आणि ते निभावलेली माणसं मी घरात पाहिली आहेत. पण पॅटीचंही म्हणणं मी विसरत नाही. किल्ल्या रोज तिनेच घ्यायच्या आणि सावरायचंही रोज तिनेच, तर कोणतीही बाई थकेल. माझ्या आईच्या मागे कॅरियर धरून धावणारं माणूस होतं.

जेवणं आटोपली की आपल्या मंडळातल्या मुलांचा बँड हे गाणं वाजवणार आहे. त्यांनी दोनच कडवी बसवली होती. मी मागे लागून तिसरं बसवून घेतलंय. मधल्या खुर्च्या कडेला सरकवायला चार हात लागतील. जोडीने या, आणि नाचता येत नाही म्हणून कुणी बसून राहू नका. लय संथ आहे, दोन पावलं इकडे आणि दोन तिकडे एवढं पुरतं.