आठ वाट्या चहा

मोकळं मन म्हणजे सगळ्यांचं ऐकून घेणं, असा एक समज आहे. ऐकून घेणारी माणसं पुष्कळ असतात. ऐकतात, मान डोलावतात आणि करायचं तेच करतात. आज आपण वेगळी खूण धरू. आपलं मत चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल, हे आधी सांगता येतं का? येत नसेल तर स्वभाव गोड आहे, एवढंच म्हणता येईल.

घरातलंच मत घेऊ. 'चहाची पूड बदलली की मला पहिल्या घोटात कळतं.' असं म्हणणारं एक तरी माणूस घरोघरी असतं. वाद घालून हे मिटत नाही. एक कप पुढे करून 'सांग कुठला' म्हटल्यानेही मिटत नाही, कारण नुसत्या अंदाजानेसुद्धा निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं.

याचा तोडगा इंग्लंडमधला, रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातला. तिथे शैवालांच्या अभ्यासक मुरिएल ब्रिस्टल यांचं म्हणणं होतं, की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं. सहकारी होते संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर. त्यांनी १९३५ च्या पुस्तकात अशा दाव्यासाठी आठ कपांची चाचणी मांडली: चार असे, चार तसे. गंमत म्हणजे त्या बाईंना किती कप ओळखता आले, हे पुस्तकात दिलेलंच नाही. चाचणी कशी बेतायची, हा फिशर यांचा विषय होता.

आपल्याकडे चहा उकळून करतात, त्यामुळे कृती थोडी बदलते. दोन्ही पुडी वजनाने घ्या, प्रत्येकी ८ ग्रॅम. चमच्याने मोजलं की इथेच घोळ होतो: बारीक डस्ट चमच्यात जास्त मावते, जाड पत्ती कमी. मग एक चहा कडक होतो आणि आपण श्रेय ब्रँडला देतो. पाणी २५० मिली, दूध १५० मिली, साखर दोन्हीकडे तेवढीच. शेगडीचा एक बर्नर मोठा, एक लहान असतो, म्हणून दोन्ही चहा एकाच बर्नरवर, त्याच पातेल्यात, एकामागून एक करा. घड्याळ लावून पाच मिनिटं उकळा. आलं-वेलची नको. गाळून दोन सारख्या थर्मासमध्ये भरा, नाहीतर दुसरा चहा गरम आणि पहिला कोमट, एवढ्यावरूनच ओळखू येईल.

आता आठ सारख्या स्टीलच्या वाट्या. आठ चिठ्ठ्या, चारांवर 'अ', चारांवर 'ब'. चिठ्ठी निघेल तसा साधारण ६० मिली चहा ओतायचा आणि वाटीच्या बुडाला तीच चिठ्ठी चिकटवायची. क्रम मनाने ठरवू नका. माणूस मनाने ठरवतो तेव्हा अ-ब-अ-ब असंच काहीतरी करतो आणि घरच्यांना ते ठाऊक असतं. ओतणाऱ्याने खोलीबाहेर जायचं. वाट्या देणारा तिसरा, ज्याला काही माहीत नाही असा हवा, कारण ओतणाऱ्याचा चेहरा बोलतो. चाखणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी, कारण रंगही बोलतो. चार-चार आहेत, हे त्याला सांगायचं; 'अ'च्या चार वाट्या कुठल्या, हे त्याने निवडायचं.

आणि पहिला घोट घेण्याआधी कागदावर लिहायचं: किती बरोबर आल्या तर दावा मान्य. ही ओळ लोक नेमकी गाळतात.

आठांतून चार वाट्या निवडण्याचे प्रकार ७०. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळं बरोबर येण्याची शक्यता ७० त १. सहा बरोबर आल्या तर घरात टाळ्या पडतात. पण एका 'अ'ची एका 'ब'शी अदलाबदल होण्याचे प्रकार ४ × ४, म्हणजे १६. सहा किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता १७/७०, जवळजवळ चारात एक. टाळ्या आवरलेल्या बऱ्या. 'आज सर्दी होती, परत करू' म्हणत तीनदा चाचणी घेतली, तर अंदाजपंचे एकदा तरी सगळं जुळण्याची शक्यता साधारण २४ त १ वर येते. तीनदा करायचं असेल तर खुशाल करा, फक्त तेही आधी लिहा. उलट बाजूही आहे: चाखणारा हरला म्हणजे दोन्ही पुडी सारख्या, असं ठरत नाही. आठ वाट्यांत बारीक फरक निसटू शकतो.

सगळीच मतं चाखून पाहता येत नाहीत. 'ढग आले की गुडघे दुखतात' हे घ्या. ढगही होते आणि दुखलंही, ते दिवस लक्षात राहतात. ढग होते पण दुखलं नाही, ते दिवस कुणी सांगत नाही. वहीत चार चौकटी आखा: ढग-दुखलं, ढग-नाही दुखलं, ढग नाहीत-दुखलं, दोन्ही नाही. समजा ४० दिवसांत आकडे आले १२, ८, १२, ८. पहिला १२ पाहून समज पक्का होतो. पण ढगांच्या २० दिवसांत १२ दा दुखलं आणि निरभ्र २० दिवसांतही १२ दाच. या वहीत तरी ढगांचा संबंध दिसत नाही. दुखण्याची नोंद सकाळी खिडकी उघडण्याआधी करा, आभाळाची दुसऱ्या कुणाला करू द्या. आभाळ भरलेलं दिसलं की गुडघा आठवतोच.

चार्ल्स डार्विन आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती लगेच टिपून ठेवत. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरतात, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. म्हणून त्या वहीत दुसरी आणि तिसरी चौकट त्याच दिवशी भरा. पहिली चौकट दोन दिवसांनी भरली तरी चालेल. ती तोंडपाठच असते.