कोयता म्हणजे दोघं

(पहाट. फडाच्या कडेला ट्रॅक्टर, शेकोटीभोवती टोळी.)

"किती कोयते हायेत?"
"धा. अन् वर एक अर्धा."

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला, तर तो अर्धा कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाची वही याच मापानं चालते, आणि कारखान्याचा हिशेबही.

(वस्ती. दारांना कुलपं, ट्रॉलीत भांडी, शेळी, म्हातारीच्या कडेवर नातू.)

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. बालाघाटाच्या या पट्ट्यात रान हलकं, पावसाचा भरवसा नाही. दसरा-दिवाळी उरकली की माणसं म्हणतात, "कारखान्याला चाललो." कारखाना सांगलीचा, कोल्हापूरचा, नाहीतर पार बेळगावकडचा. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याआधीच घेतलेली असते, तीही कोयत्यामागं. नोटा मोजून घेतो तो. फेडतात दोघं, मार्च-एप्रिलपर्यंत.

(फड. हातांचे जवळून शॉट.)

आता हे हात नीट बघा. तो बुडख्याशी वाकतो. जमिनीलगत एक घाव, ऊस आडवा. शेंड्याला दुसरा घाव, वाढं वेगळं. पात्यानंच पाचट साळलं जातं. ती मागोमाग ऊस गोळा करते, हिरव्या वाढ्यांना पीळ देऊन दोर करते आणि गुडघ्यानं दाबून मोळी आवळते. कंबर सरळ करायला उसंत नाही, असं हे काम. उरलेल्या वाढ्यांच्या ती पेंढ्या बांधते. गावातले गवळी ती वैरण विकत घेतात. रोज हातात येणारा पैसा तेवढाच. गडी दमला की कोयता तिच्या हातात येतो. घाव त्याच्याइतकाच सरळ बसतो.

मग भरणी. मोळी डोक्यावर, पाय अरुंद फळीवर, फळीचं दुसरं टोक ट्रकच्या कडेला. तो चढतो, तशीच तीही चढते. एका कोयत्याची दिवसाची तोड दीड-दोन टनांच्या घरात जाते. ट्रक रात्री दोनला आला, तर भरणीही रात्री दोनला.

(कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी. चूल, पाण्याचा हंडा.)

भाकरी, पाणी, लेकराची झोप हे सगळं त्याआधी तिनं उरकलेलं असतं. टनात ते धरत नाहीत.

तिला नवऱ्याबद्दल विचारा, ती म्हणेल, "आमचं मालक." बांधावर उसाचा शेतकरी आला, तर तोही मालकच. नवरा मात्र तिला मालकीण म्हणताना आम्हाला कुठं ऐकू आला नाही. "अगं ए" पुरतं.

कोयता हा शब्द फडाबाहेरही गेलाय. मजुरीसाठी संप झाला, की तो "कोयता बंद". लग्नातही तो आहे. अर्ध्या कोयत्याला उचल कमी, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोराचं लग्न उरकायची घाई होते. नवरी पंधरा-सोळाची असली तरी.

2019 मध्ये शासनाच्या समितीनं बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

(कारखान्याचं गेट. काट्यावर ट्रॅक्टरची रांग.)

जानेवारी 2024 मध्ये तोडणीची मजुरी 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. दर टनाचा, आणि टन कोयत्याचा. त्यातलं तिचं निम्मं किती, ते कुठल्याच कागदावर निघत नाही. ऊसतोड कामगार म्हणून गावात नोंद करून ओळखपत्र घेता येतं, त्यावर तिचं नाव तिच्या एकटीचं असू शकतं. उचलीच्या वहीत ओळीला एकच नाव असतं, त्याचं. दुसरं नाव लिहायला मुकादमाला एक ओळ जास्त लागेल, एवढंच.