घर रिकामं होतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

कापूस वेचणीचे दिवस आहेत. सकाळी सगळे वावरात जातात, नातवंडं शाळेत, आणि घरी उरते म्हातारी माय, नाहीतर आबाजी. दिवस मावळेपर्यंतचा हा वेळ घालवायचा कसा, असं पुष्कळ जण विचारतात. मी म्हणेन, घालवू नका. तो वेळ तुमचा आहे.

आपल्या कास्तकाराला एकटं राहणं नवीन नाही. रानडुकरं हाकायला ज्यानं मचाणावर जागल केली, त्यानं अख्ख्या रात्री एकट्यानं काढल्या आहेत. तिथं करमत नाही असं तो म्हणाला नाही. हाती काम होतं, आणि ते त्याला जमत होतं: कानोसा घेणं, वाऱ्यावरून पावसाचा अंदाज बांधणं. घरातली दुपार खायला उठते, कारण हात थांबलेले असतात आणि आपला आता कुणाला उपयोग नाही असं वाटू लागतं. म्हातारपणाचं मोठं दुखणं मला हेच दिसतं.

क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये माणसाच्या स्वभावातले २४ चांगले गुण मांडले. जिज्ञासा, चिकाटी, माया, कृतज्ञता, विनोदबुद्धी असे. पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अभ्यासात काही लोकांना सांगितलं होतं, आपला ठळक गुण आठवडाभर रोज नव्या रीतीनं वापरा. त्यांचं समाधान सहा महिन्यांनीही वाढलेलं दिसलं.

तुमचा गुण कोणता? बियाण्याची पारख असेल, तर अंबाडीचं, लाखोळीचं, गावरान वालाचं बी निवडा, राखेत घोळवून मडक्यात ठेवा, कोणतं कुठून आलं ते नातवाकडून वहीत लिहून घ्या. हाताला चिकाटी असेल, तर सरकी काढून वाती वळा. नवं कळण्याची हौस असेल, तर नातवाचं भूगोलाचं पुस्तक उघडा. ज्याला देवाचं नाव घेऊन नुसतं ओसरीवर बसावंसं वाटतं, त्यानं खुशाल बसावं. तेही काही न करणं नव्हे.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा ६६ वर्षांचे होते. भेटायला माणसांची रीघ, तरी सोमवारी मौन. बोलणं बंद, लिहिणं चालू.

पण एक सांगतो. जेवण जात नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते एकट्यानं सोसायचं नाही. शेजारी सांगा, आशाताईंना सांगा. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.

आणि पुण्या-नागपुरातल्या लेकरांनो, फोनवर ‘जेवलीस का, गोळी घेतली का’ एवढंच विचारून ठेवू नका. आज कोणतं बी निवडलं, तेही मायला विचारा. ती सांगेल तेवढा वेळ ऐका.

नमस्कार.