बाथरूममध्ये लपू नका

नमस्कार मंडळी, आज घरातल्या आगीबद्दल बोलूया, म्हणजे विझवण्याबद्दल नाही हं, बाहेर पडण्याबद्दल. फ्लॅटला दार एकच, त्याच्यासमोर पॅसेजमध्ये चपलांचं रॅक, पोरांची सायकल, तुळशीची कुंडी, आणि खिडक्यांना बॉक्स ग्रिल, फायर ब्रिगेड आली तरी आधी तेच कापत बसणार. ग्रिलला उघडणारी झडप करून घ्या, कुलूप लावणार असाल तर चावी तिथेच बाजूला खिळ्याला, कपाटात नको. लिफ्ट नको, जिना. जिन्यातच धूर असेल तर मागे फिरा, दार लावा, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून 101 ला फोन करा. बाथरूममध्ये मात्र जायचं नाही. 2017 च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलमध्ये 14 जण गेले, तो पब होता हे खरं, पण बरेच जण टॉयलेटमध्ये शिरले आणि तिथेच धुराने गुदमरले.

आता बाथरूमचाच दुसरा धोका, गॅस गिझर. थंडी म्हणून खिडकी बंद, एक्झॉस्ट बंद, आणि आत गॅस जळताना होणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड साठतोय, ज्याला ना रंग ना वास. सिलिंडरच्या गॅसला निदान मुद्दाम वास घातलेला असतो. इथे नुसतं डोकं दुखतं, मळमळतं, आपण म्हणतो पित्त झालं! आणि कोविडमध्ये घेतलेला तो ऑक्सिमीटर अशा वेळी पण नॉर्मल आकडा दाखवू शकतो, त्याला रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यातला फरकच कळत नाही.

दुकानात नुसतं गॅस डिटेक्टर मागितलंत तर बहुतेक एलपीजीचा देतील, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा मागा. तो जमिनीलगत लावायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून पसरतो, म्हणून त्याचा अलार्म बेडरूमबाहेर, डोक्याच्या उंचीला, पडदा-कपाटाआड नाही. बाथरूमच्या आत तर नाहीच, वाफेने बिघडतो. शेगडी-गिझरपासून 15 फूट लांब ठेवा म्हणतात, आता वन बीएचकेत 15 फूट म्हणजे शेजाऱ्यांचा हॉल, तर जमेल तेवढं लांब. मागे एक्सपायरी असते ती बघा, टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

तोवर आजपासूनच एवढं करा, गिझर लावून बादली भरायची, गिझर बंद करायचा, खिडकी उघडायची आणि मग आंघोळीला जायचं.