हातातलं गेमचं मशीन विरुद्ध फोन

नमस्कार मंडळी, आज जरा गेम्सबद्दल बोलू. मोठ्यांनी लगेच रेडिओ बंद करू नका, लोकलमध्ये सीट मिळाली की कॅन्डी क्रश कोण उघडतं ते आम्हाला माहितीये.

तर प्रश्न असा, की फोनमध्ये ढीगभर गेम फुकट मिळत असताना नुसतं गेम खेळायचं वेगळं मशीन, म्हणजे हँडहेल्ड कन्सोल, कोण कशाला घेईल? 2011 मध्ये पण हेच चाललं होतं बरं का. जपानच्या निन्टेंडो कंपनीचं आधीचं डीएस नावाचं हँडहेल्ड तुफान खपलेलं, त्या जोरावर त्यांनी थ्रीडीएस काढलं, अमेरिकेत 250 डॉलरला, आणि ते उठेचना, कारण तेव्हा आयफोनवर अँग्री बर्ड्स एका डॉलरात मिळत होता. मग सहा महिन्यांच्या आत किंमत थेट 170 वर आणली, आधी घेतलेल्यांना 20 जुने गेम फुकट दिले आणि कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार अर्धा केला. (आपल्याकडे कुणी करेल का असं? जाऊ दे.) पुढे मारिओ कार्ट, पोकेमॉन असे गेम आले आणि तेच मशीन साडेसात कोटींवर खपलं.

सोनीचं मात्र फिसकटलं. पीएस व्हिटा मशीन म्हणून एक नंबर, झकास ओलेड स्क्रीन, अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक, पाठीमागे पण टच, पण मेमरी कार्ड सोनीचंच लागायचं आणि ते भयंकर महाग, वर थोड्या वर्षांत सोनीनेच त्याच्यासाठी मोठे गेम काढायचं सोडलं. फोनने व्हिटाला मारलं म्हणतात, मला ते अर्धंच पटतं.

खरा फरक पैशाचा आहे. फोनवर गेम फुकट, मग जाहिराती, मग स्किन म्हणजे गेममधल्या पात्राचे कपडे घ्या, कॉइन घ्या. निन्टेंडोने डिसेंबर 2016 मध्ये सुपर मारिओ रन फोनवर आणला, सुरुवातीच्या लेव्हल फुकट आणि पुढचा अख्खा गेम एकदाच 10 डॉलर भरून. डाउनलोड धो धो झाले, पैसे भरणारे कमी, कंपनीनेच नंतर सांगितलं की हवा तेवढा नफा नाही. आणि तीनच महिन्यांत, मार्च 2017 ला, निन्टेंडोचं नवं हँडहेल्ड स्विच आला, त्याचा एकेक मोठा गेम साधारण 60 डॉलरचा आणि मशीन 15 कोटींच्या वर खपलं! तेच मशीन टीव्हीला पण लागतं, आणि त्यावर निन्टेंडोचा जो झेल्डा गेम मिळतो तो फोनवर मिळतच नाही, मग तुलना कशाशी करणार.

बटणांचं पण आहेच, काचेवर अंगठे ठेवले की निम्मी स्क्रीन झाकली जाते, अर्थात आपली पोरं बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, चार-चार बोटांनी काय खेळतात ते बघितलंत तर हा मुद्दा मी जरा हळू आवाजातच मांडतो.

आता आपल्याकडचं सांगायचं तर इथे फोन सरळ जिंकलाय. स्विच निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे आणलाच नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वगैरे मिळतो तो बाहेरून आलेला, कंपनीची वॉरंटी नाही, बिघडला तर तुम्ही आणि दुकानदार. तरी घ्यायचाच असेल तर कार्ट्रिजवाले, म्हणजे मशीनमध्ये घालायच्या छोट्या कार्डवरचे, गेम घ्या, डाउनलोडवाले नको, खेळून झाला की पुढच्याला विकता येतो, आणि सेकंडहँड मशीन घेताना आधी दोन्ही स्टिक हलवून बघा, हात न लावता मारिओ आपोआप चालायला लागला तर सरळ परत द्या.